मंत्रीमहोदय, आपण दिवा पाहिलात, पाणी पाहिलं नाहीत

मा. पर्यावरणमंत्री यांस,
स.न.वि.वि.

आमच्या वस्तीमागच्या नाल्यावरचे, सांडपाणी शुद्ध करणारे कर्दळीचे वाफे गेल्या आठवड्यात उखडून टाकले. प्रकल्प आपल्याच हस्ते सुरू झाला होता. झाडं आणि जिवाणू सांडपाण्यातून वीज देतील, असं आपण सांगितलंत आणि लहानसा दिवा लावून दाखवलात. आता शेरा मिळाला आहे : वीजनिर्मिती नगण्य, सबब प्रकल्प बंद.

नगण्य असणारच होती! वाफ्याच्या तळाशी, खडीत, हवा पोचत नाही तिथे जिओबॅक्टरसारखे जिवाणू पाण्यातली घाण खातात आणि सुटलेले इलेक्ट्रॉन तिथे पुरलेल्या ग्रॅफाइटला देतात. वर मुळांपाशी, हवेलगत ऑक्सिजन असतो. तारेतून इलेक्ट्रॉन तिकडे धावतात, तीच वीज. एका वाफ्यातून एक व्होल्टही मिळत नाही. एखादा सेन्सर चालतो, बारीक दिवा लागतो. भुवनेश्वरच्या संशोधकांनी 2012 मध्ये असा वाफा वापरला, तो रंगाचं पाणी शुद्ध करायला. वीज त्यासोबत मिळाली. आपल्याला हे कुणी सांगितलं नाही, की सांगितलेलं भाषणात बसलं नाही?

खरा फायदा न लागणाऱ्या विजेत आहे. नेहमीच्या यांत्रिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात साधारण निम्मी वीज पाण्यात हवा सोडण्यातच जाते. वाफ्यात त्या यंत्रांची गरज नाही. जागा जास्त लागते, खडी तुंबते, वाळलेली झाडं कापावी लागतात, हे मान्य. त्यासाठी एक माणूस नेमायचा होता. नेमलात?

आता नाला पुन्हा काळा झाला आहे. आईला दमा आहे, खिडकी उघडता येत नाही. पावसात ते पाणी उंबऱ्यापर्यंत येतं. माझे पाय चिघळलेत. मुलगी मैत्रिणींना घरी बोलवत नाही, विचारलं की गप्प बसते. अर्ज घेऊन गेलो तर पाणी एका विभागाकडे, वीज दुसऱ्याकडे, जमीन तिसऱ्याकडे. वास तेवढा आमच्याकडे.

आणि हे आमच्यापुरतं नाही. प्रक्रिया न करता सोडलं जाणारं सांडपाणी 2030 पर्यंत निम्म्यावर आणू, असं 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांत सगळ्या देशांनी कबूल केलं. जगातलं 80 टक्क्यांहून जास्त सांडपाणी पुरेशी प्रक्रिया न होताच सोडलं जातं, असं त्यांच्याच 2017 च्या अहवालात होतं. तरी सगळीकडे तेच : बांधकामाला निधी, देखभालीला नाही. फीत कापायला गर्दी, गाळ काढायला कुणी नाही. निविदा निघते ती यंत्रांची. झाडं आणि जिवाणू कुणाला कंत्राट मिळवून देत नाहीत, म्हणून त्यांची बाजू घ्यायलाही कुणी उभं राहत नाही.

वाफे परत लावा. देखभालीला कायमचा माणूस द्या. वाफ्यात शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवायला किती ऑक्सिजन लागतो ते, दर महिन्याला मोजून नाल्यावर फलक लावा. उखडण्याआधी पाणी तपासलं होतं का, हे मी विचारलं होतं. उत्तर आलेलं नाही. ते लेखी हवं आहे, आपल्या सहीनिशी.

नाल्याकाठचा एक रहिवासी