गणपतीच्या बॅनरच्या फाइली पाठवताना एवढं बघा

मंडळी, गणपती तोंडावर आलेत, चाकरमान्यांच्या स्वागताचे बॅनर सुरू झालेत. रविवारी सकाळी ११ वाजता रत्नागिरीत मारुती मंदिरजवळ नेहमीच्या जागी भेटायचंय, फाइली वाटून घ्यायला. ज्यांच्याकडे कोरलच्या (कोरलड्रॉ या डिझाइन सॉफ्टवेअरच्या) फाइली आहेत त्यांनी शनिवारपर्यंत पाठवा.

पण मजकूर एडिट होईल अशा पाठवा रे! मागच्या वेळी सगळं कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांची नुसती चित्रं करून) आलं, एका आडनावात वेलांटी चुकलेली आणि ती सुधारायला मला रात्री अख्खं नाव परत टाईप करावं लागलं.

- कोरलमधून एआय (इलस्ट्रेटर या दुसऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरची) किंवा एसव्हीजी फाइल काढताना मजकूर 'टेक्स्ट' ठेवा, 'कर्व्ह' नको. पीडीएफ काढलीत तर सगळा मजकूर कर्व्ह करायची टिक काढा.
- फॉन्टची फाइल सोबत द्या (लायसन्स बघून). श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा जुना फॉन्ट समोरच्याकडे नसेल तर मराठीच्या जागी भलतीच अक्षरं दिसतात, म्हणून शक्यतो युनिकोडच (सगळीकडे मराठी म्हणूनच ओळखला जाणारा मजकूर) वापरा.
- नावांचा मजकूर वेगळा व्हॉट्सॲपवर टाका, इलस्ट्रेटरमध्ये ओळी तुटल्या तरी कॉपी-पेस्ट करता येतो.

कर्व्ह केलेली कॉपी फक्त फ्लेक्सवाल्याला, ती पण वेगळ्या नावाने सेव्ह करून. इंकस्केप (फुकटचं डिझाइन सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी लॅपटॉप आणा, तिथेच उघडून बघू.