कागदी हमीवर अण्वस्त्रे सोडू नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युक्रेनला युद्धानंतर कोणती सुरक्षा हमी मिळावी, याविषयीच्या बातम्या आपल्या दैनिकात सातत्याने येत आहेत. त्या वाचताना, एखाद्या देशाने सुरक्षेची हमी घेऊन आपली अण्वस्त्रे सोडून द्यावीत का, हा जुना प्रश्न पुन्हा समोर येतो. सेवाग्राम आणि पवनार ज्या जिल्ह्यात आहेत, त्याच जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझे आयुष्य गेले. जगातले शेवटचे अण्वस्त्र मोडले जावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. तरीही, हमी मोडल्यावर जिचे स्वतःचे काही बुडत नाही अशा सत्तेच्या शब्दावर कोणत्याही देशाने आपले शस्त्र खाली ठेवू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला, तेव्हा लांब पल्ल्याची सुमारे १,९०० अण्वस्त्रे आणि १७६ आंतरखंडीय क्षेपणास्त्रे युक्रेनच्या भूमीवर राहिली. ती डागण्याचे संकेतांक मॉस्कोच्या ताब्यात होते आणि त्यांची देखभाल करण्याइतका पैसा युक्रेनच्या तिजोरीत नव्हता, म्हणून ती सोडण्यात युक्रेनने फारसे काही गमावले नाही, असे अनेक अभ्यासक सांगतात. या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र क्षेपणास्त्रे बनवणारा प्रचंड कारखाना युक्रेनच्याच दनिप्रो शहरात होता आणि ते ज्ञान असलेले शास्त्रज्ञही तेथेच होते, त्यामुळे युक्रेनचा हात अगदीच रिकामा होता असे म्हणता येत नाही.

या व्यवहारात युक्रेनला काय मिळाले, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. जानेवारी १९९४ मध्ये ठरल्याप्रमाणे रशियाने युक्रेनच्या अणुवीज केंद्रांसाठी इंधन दिले आणि शस्त्रे मोडण्यासाठी अमेरिकेने पैसा दिला. ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्ट येथे रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याचे आणि त्याच्यावर बळाचा वापर न करण्याचे लेखी मान्य केले. जून १९९६ पर्यंत शेवटचे अण्वस्त्रही रशियात गेले आणि त्याच महिन्यात पेर्वोमाइस्क येथील क्षेपणास्त्र तळावर युक्रेन, रशिया आणि अमेरिका या तिन्ही देशांच्या संरक्षणमंत्र्यांनी सूर्यफुले लावली. रोख आणि वस्तुरूपाने जे ठरले होते ते पोहोचले. केवळ शब्दावर जे ठेवले होते ते २०१४ मध्ये रशियाने बळकावलेल्या क्रिमियासोबत गेले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर त्याचे परिणाम आपल्या गावापर्यंत आले. किराणा दुकानात सूर्यफुलाच्या तेलाचा भाव आठवड्यागणिक चढत होता, आणि युक्रेनमध्ये डॉक्टर होण्यासाठी गेलेली आपल्याकडची मुले पोलंड आणि रुमानियाच्या सीमेवर कडाक्याच्या थंडीत ताटकळत उभी होती.

करार मोडला तर पुढे काय, याचे उत्तर त्या कागदात जवळजवळ नव्हतेच. युक्रेनवर अण्वस्त्रांचा हल्ला झाला किंवा तशी धमकी आली, तर सुरक्षा परिषदेकडे दाद मागायची, आणि कराराविषयी प्रश्न उपस्थित झाल्यास आपसात विचारविनिमय करायचा, एवढीच तरतूद होती. सैन्य पाठवण्याचे बंधन कोणावरही नव्हते. हल्ला करणारा देशच सुरक्षा परिषदेचा कायम सदस्य असल्यामुळे २५ फेब्रुवारी २०२२ रोजी तेथे आलेला ठराव त्याने नकाराधिकार वापरून पाडला. (आपला देश त्या मतदानात तटस्थ राहिला, याची मला आजही खंत वाटते.) गावची सेवा सहकारी सोसायटीसुद्धा कर्ज देताना जामीनदाराचा सातबारा पाहते, कारण कर्ज थकल्यास त्याच्याकडून वसूल होण्यासारखे काही आहे की नाही, हे तिला आधी जाणून घ्यायचे असते.

आपल्या देशानेही ही वाट चाचपून पाहिली आहे. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने पहिला अणुस्फोट केल्यानंतर पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी अण्वस्त्रधारी देशांकडून मिळू शकणाऱ्या संरक्षणाचा विषय लंडनमध्ये काढला, आणि १९६७ मध्ये इंदिरा गांधींचे सचिव एल. के. झा त्याच कामासाठी मॉस्को आणि वॉशिंग्टनला जाऊन आले. भरवसा ठेवावा असे ठोस काहीही हाती लागले नाही. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर भारताने सही केली नाही, यामागे इतर कारणांबरोबर हा अनुभवही होता. १९९८ च्या पोखरण चाचण्यांचा जल्लोष मला तेव्हाही रुचला नव्हता, परंतु १९६८ मधला तो नकार मला आजही योग्य वाटतो.

याचा अर्थ कोणीच शस्त्र सोडू नये, असा मी काढत नाही. दक्षिण आफ्रिकेने स्वतः बनवलेले सहा अणुबॉम्ब मोडून टाकले आणि मार्च १९९३ मध्ये अध्यक्ष डी क्लर्क यांनी ते संसदेत जाहीर केले. अंगोलातून क्यूबाचे सैन्य निघून गेले होते, शीतयुद्ध संपले होते, आणि ज्या भीतीपोटी ते बॉम्ब केले होते ती भीतीच उरली नव्हती. तेथे शस्त्र सोडणे शहाणपणाचे ठरले, कारण तो निर्णय कोणाच्या शब्दावर टांगलेला नव्हता. दुसरीकडे, दक्षिण कोरियाने १९७० च्या दशकात अमेरिकेच्या दबावाखाली आपला अण्वस्त्र कार्यक्रम थांबवला. तेथील हमी आजवर टिकली आहे, ती त्या भूमीवर अमेरिकेचे हजारो सैनिक प्रत्यक्ष तैनात आहेत म्हणून. हल्ला झाला तर पहिल्याच दिवशी हमी देणाऱ्याचीही माणसे मरतील, हे हल्लेखोराला ठाऊक असते.

प्रत्येक देश असाच अडून बसला तर निःशस्त्रीकरण कधीच होणार नाही, हा आक्षेप गंभीर आहे आणि मला तो अस्वस्थ करतो. लिबियाच्या गद्दाफींनी २००३ मध्ये आपला कार्यक्रम सोडला आणि २०११ मध्ये नाटोच्या हवाई हल्ल्यांत त्यांची राजवट कोसळली. ते क्रूर हुकूमशहा होते, यात शंका नाही. पण उत्तर कोरियाने त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. निःशस्त्रीकरणाचे सर्वांत मोठे नुकसान अशा मोडलेल्या आणि वाऱ्यावर सोडलेल्या शब्दांनी केले आहे, आणि ते भरून काढण्याची पहिली जबाबदारी ज्यांनी शब्द दिले त्या बड्या देशांचीच आहे.

आता युक्रेनसाठी नव्या हमीचे मसुदे तयार होत असताना, सैन्य कोणाचे, किती आणि कोठे राहणार, आणि ते पाठवण्याचा निर्णय नकाराधिकाराच्या कक्षेबाहेर असेल का, हे प्रश्न आपल्या वार्ताहरांनी लावून धरावेत. बुडापेस्टच्या कागदात मोजकी सहाच कलमे आहेत. त्यांचा संपूर्ण मराठी अनुवाद आपण रविवारच्या अंकात छापावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
ता. देवळी, जि. वर्धा