पावसाआधी बंद घराची निगा

संपादक महाशय,

दापोली-गुहागरकडे मुंबई-पुणेकरांची दुसरी घरे वाढली, याचा आनंदच आहे. पण मेमध्ये आंबे खाऊन कुलूप लावले की थेट गणपतीतच उघडतात. निघण्याआधी कौले परतून फुटकी बदलावीत, पन्हळीतला पाला काढावा. एक कौल सरकले तरी पाणी रिपांवरून वाशात मुरते; ओल्या लाकडाला वाळवी लागते. जांभ्याच्या भिंतींना सिमेंटच्या गिलाव्याचा मोह तर टाळावाच. ओल आत कोंडते, पोपडे सुटतात. चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो. गाद्या भिंतीपासून लांब, उंचावर ठेवाव्यात. किल्ली शेजाऱ्यांकडे द्यावी. उघडीप मिळताच खिडक्या उघडणारा कुणीतरी हवा, आणि त्याला या कामाचा रीतसर मोबदलाही द्यावा.

– एक वाचक, दापोली