फ्रीजरचा अलार्म ऐकणार कोण?

महोदय,

साथ आली की विषाणू प्रयोगशाळेची आठवण होते. तिथला फ्रीजर राखणाऱ्या तंत्रज्ञाची मात्र नाही. घशाचा स्वॅब २ ते ८ अंश सेल्सिअसला ७२ तास चालतो, पुढे उणे ७० किंवा त्याखालीच. वळवाच्या पावसात वीज गेली की फ्रीजरचे दार उघडायचे नसते. पण ‘बघू, गार आहे का’ म्हणून कुणीतरी उघडतोच! नमुना वितळून पुन्हा गोठला की त्यातल्या विषाणूचा आरएनए (जनुकीय धागा) तुटतो, संसर्ग असूनही चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. दाराच्या रबरावरचा बर्फ वेळेत काढला नाही तर दार नीट बसत नाही, कॉम्प्रेसर अखंड धावतो. पंचगंगेला पूर येण्याआधीच विद्यापीठांनी आपल्या प्रयोगशाळांसाठी जनरेटरचे डिझेल आणि रात्रपाळीचा भत्ता मंजूर करावा.

– प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कोल्हापूर