माझं काम नक्की काय आहे

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुझा कॉम्प्युटर कॅन्सर ओळखतो का?" नाही ओळखत. माझं काम त्याच्या एक पायरी अलीकडचं. त्वचेवरच्या डागाच्या फोटोत डाग कुठे संपतो आणि चांगली त्वचा कुठे सुरू होते, ती रेघ त्याच्याकडून ओढून घ्यायची. आई म्हणेल, एवढ्यासाठी इतकी वर्षं शिकलीस? पण कडा वेडीवाकडी आहे का, दोन्ही बाजू सारख्या आहेत का, डाग केवढा आहे, हे सगळं त्या रेघेवरून मोजतात.

फोटो डर्मोस्कोपने काढतात, म्हणजे दिवा लावलेल्या भिंगाने. मध्ये केस आडवे येतात, जेलचे बुडबुडे दिसतात, कधी पेनाची खूणही असते. आम्ही यू-नेट वापरतो, म्हणजे उदाहरणं बघून चित्रातले भाग वेगळे करायला शिकणारी एक संगणकीय रचना. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातल्या तिघांनी २०१५ मध्ये ती मांडली. ती आधी चित्र लहान करत जाते, त्यात डाग साधारण कुठे आहे ते कळतं. मग पुन्हा मोठं करत नेते आणि मधे हरवलेले बारकावे आधीच्या टप्प्यांतून थेट उचलून जोडते. शेवटी प्रत्येक पिक्सेलला एकच प्रश्न: डाग की त्वचा?

शिकवायला तज्ज्ञांनी तपासलेल्या रेघांचे फोटो लागतात. आयएसआयसी या आंतरराष्ट्रीय संग्रहाने २०१८ च्या स्पर्धेसाठी असे २,५९४ दिले होते. गंमत म्हणजे एकाच डागाभोवती दोन डॉक्टर दोन वेगळ्या रेघा ओढतात, रंग विरत जातो तिथे तर हमखास. मग यंत्राची रेघ ताडायची कोणाशी? त्या स्पर्धेत यंत्राची आणि तज्ज्ञांनी तपासलेली अशा दोन्ही आकृत्यांचा सामाईक भाग त्यांनी मिळून व्यापलेल्या भागाने भागायचे, आणि उत्तर ०.६५ च्या खाली आलं की त्या फोटोला सरळ शून्य. मला हा कडकपणा पटतो. नाहीतर चांगल्या फोटोंच्या सरासरीत वाईट झाकले जातात.

खटकतं ते वेगळंच. असे फोटो बहुतेक गोऱ्या त्वचेचे असतात. सावळ्या त्वचेवर डाग तितका उठून दिसत नाही, आणि अशा लोकांत मेलानोमा, म्हणजे त्वचेचा एक घातक कॅन्सर, झालाच तर तो बऱ्याचदा तळवे, तळपाय किंवा नखाखाली असतो. तेव्हा पाय धुताना तळपाय बघत जा. बाबा, तुम्हाला वाकवत नसेल तर आईला बघायला सांगा. नवा किंवा बदलणारा डाग दिसला तर मला फोटो पाठवत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

तुमची लेक