एसएमपीएस घेताना १२ व्होल्टची ओळ वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेमिंगसाठी संगणक जुळवून घेताना ग्राफिक्स कार्डावर खूप चर्चा होते. संगणकाच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा एसएमपीएस मात्र कॅबिनेटसोबत येईल तो बसवला जातो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत अनेक कोटेशनांत ‘एसएमपीएस ५०० वॉट’ एवढेच लिहिलेले असते. कंपनी नाही, मॉडेल नाही. एवढ्यावरून तो पुरेल की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. म्हणून एसएमपीएसवरच्या लेबलात १२ व्होल्टखाली किती अँपिअर दिले आहेत ते पाहून त्याला १२ ने गुणावे. ५४ अँपिअर म्हणजे ६४८ वॉट. हा खरा ६५० वॉटचा एसएमपीएस. खोक्यावर ४५० वॉट आणि लेबलवर १८ अँपिअर असतील, तर कामाचे २१६ वॉटच. बाकीचे ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यात दाखवलेले असतात आणि तिथे आजच्या संगणकाला फार वीज लागतच नाही. १२ व्होल्टच्या दोन लाइन असतील तर बेरीज करू नये, एकत्रित मर्यादा पाहावी.

आता गरजेचा हिशेब. रायझन ५ ७६०० प्रोसेसरवर ६५ वॉट लिहिलेले असले, तरी तो ८८ वॉटपर्यंत जातो. आरटीएक्स ५०७० कार्डाचे २५० वॉट. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ७५ धरा. एकूण ४१३. याची दीडपट म्हणजे सुमारे ६२०, तेव्हा ६५० वॉटचा घ्यावा. आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॉटचेच आहे. त्याला चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा एसएमपीएस भरपूर झाला. तिथे ८५० वॉटचा स्वस्त माल घेणे आम्हाला चूकच वाटते.

ही दीडपट उगाच नाही. ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांसाठी आपल्या मर्यादेच्या कितीतरी वर वीज खेचते. एसएमपीएसला तो झटका सोसला नाही, तर त्याचे संरक्षण सर्किट वीज तोडते आणि रंगात आलेला गेम क्षणात बंद पडतो. विंडोजच्या नोंदीत ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसते, पण त्याचा अर्थ संगणक नीट बंद झाला नाही एवढाच. लोक मग विंडोज पुन्हा टाकतात, रॅम बदलतात. त्याआधी आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंग बदलण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून तोच गेम खेळून पाहावा. बंद पडणे थांबले, तर पहिला संशय एसएमपीएसवर घ्यावा. नवी खरेदी असेल तर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेला घ्यावा. त्या मानकात अशा झटक्यांचा विचार केलेला आहे.

‘८० प्लस गोल्ड’ या शिक्क्यावरून वीज किती वाया जाते एवढेच कळते, टिकाऊपणा नाही. ती चाचणी २३ अंशांच्या आसपास होते. विदर्भातल्या उन्हाळ्यात कॅबिनेटच्या आत काय तापमान असेल, याचा विचार करून ४० किंवा ५० अंशांवर पूर्ण वॉट देण्याची हमी माहितीपत्रकात शोधावी.

यूपीएसचा हिशेब तर बहुतेक जण विसरतात. घरगुती ६०० व्हीए यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. वरचा ४१३ वॉटचा संगणक, एसएमपीएसमध्ये वाया जाणारी वीज धरून, भिंतीतून सुमारे ४६० वॉट घेईल, मॉनिटर वेगळा. गेम चालू असताना वीज गेली की असा यूपीएस ओव्हरलोड होऊन संगणकासह बंद पडणार.

आणि एक धोका. एसएमपीएस बदलताना जुन्याच्या सुट्या केबल नव्याला लावू नयेत. प्लग बसतो, पण एसएमपीएसकडच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही वेगळी असते. एसएसडी आणि हार्डडिस्क जळतात. कार्डाला दोन आठ-पिनी प्लग हवे असतील तर दोन स्वतंत्र केबल ओढाव्यात, एकाच केबलचे दोन फाटे वापरू नयेत.

दुकानदारांना विनंती, की कोटेशनवर आणि बिलावर एसएमपीएसचे पूर्ण मॉडेल, १२ व्होल्टचे अँपिअर आणि वॉरंटीची वर्षे लिहावीत. ग्राहकांनीही ते लिहून मिळेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नये.

— संगणक जुळणी व दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ, पुणे