कुवेतला गेलेला मुलगा

पुणे,
राखेच्या बुधवारची रात्र

प्रिय आई आणि बाबा,

संध्याकाळची मिस्सा करून आलो आणि कपाळावरची राख न पुसताच लिहायला बसलो आहे. हे फोनवर बोलायचं तीनदा ठरवलं होतं. पण बाबा, फोनवर तुम्ही "बरं बरं, जेवलास का" म्हणता आणि फोन आईकडे देता, आणि आईला रडू येतं. म्हणून पत्र. दोघांनी बसून वाचा. उत्तराची घाई नाही.

गेल्या आठवड्यात आपल्या धर्मग्रामाच्या फादरांचा फोन आला होता. उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी, सकाळच्या मिस्सेनंतर, तरुण मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्यासाठी व्यसनावर कार्यक्रम ठेवलाय. इथे पुण्यात मी शाळांमधून बोलतो हे त्यांच्या कानावर गेलं असावं. म्हणाले, "बाहेरचे वक्ते येऊन जातात. आपल्या गावचा मुलगा बोलला तर पोरं ऐकतील." मी लगेच हो म्हटलं नाही. आईबाबांना विचारून सांगतो म्हटलं. चाळिशीला टेकलेला माणूस असं म्हणतो म्हटल्यावर ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "विचार, विचार."

विचारावं लागतंय, कारण माझ्या व्यसनाच्या त्या दिवसांत गावाच्या लेखी मी कुवेतला होतो.

आई, तुला आठवतं? मी परत आलो तेव्हा तू क्रॉफर्ड मार्केटातून खजूर आणलास आणि आळीत घरोघर वाटलास. "लेक आलाय कुवेतहून" म्हणत. मी खोलीच्या दारामागे उभा राहून ऐकत होतो. वजन सत्तेचाळीस किलो, हातावर डाग, आणि बाहेर माझ्या नावाचा खजूर वाटला जातोय. तुझा राग आला नाही तेव्हा, आजही नाही. आपल्या गावात गर्दुल्ल्याच्या बहिणीचं लग्न जमत नाही हे तुला ठाऊक होतं आणि ताईची बोलणी चालू होती.

सुधारण्याच्या काळात एका सिस्टरची गोष्ट ऐकली, ती तुम्हाला सांगायची राहून गेली आहे. अमेरिकेत ओहायो राज्यात अॅक्रन नावाचं गाव आहे. तिथे १९३५ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल आणि तिथलाच एक सर्जन, दोघेही पक्के दारुडे, एकमेकांच्या आधाराने दारूपासून दूर राहू लागले. आपण ज्याला एए म्हणतो ते अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस तिथून सुरू झालं. सुरुवातीची माणसं एका ख्रिस्ती गटात जमायची. आपल्या चुका दुसऱ्या माणसासमोर कबूल करायच्या, ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करायची, ही रीत तिथलीच. पण दारुड्याला इस्पितळात खाट कोण देणार? त्याच गावच्या सेंट थॉमस इस्पितळात रुग्ण दाखल करून घेण्याचं काम सिस्टर इग्नेशिया यांच्याकडे होतं. ऑगस्ट १९३९ मध्ये त्यांनी त्या सर्जनच्या सांगण्यावरून पहिला दारुडा रुग्ण आत घेतला आणि कागदावर आजार लिहिला 'जठराचा दाह'. इतर रुग्णांची कुजबुज नको म्हणून त्याची खाट फुलं ठेवायच्या खोलीत हलवली. पुढे सिस्टर बरं होऊन निघालेल्या प्रत्येकाला येशूच्या पवित्र हृदयाचा छोटा बिल्ला द्यायच्या आणि बजावायच्या, पुन्हा प्यावंसं वाटलं तर पहिला घोट घेण्याआधी हा बिल्ला मला परत आणून दे.

बाबा, हे ऐकलं तेव्हा पहिल्यांदा तुमची आठवण आली. तुम्हीही माझ्या आजाराच्या जागी दुसरंच काही लिहिलं होतं. फरक एवढाच की सिस्टरनी ते लिहिलं ते रुग्णाला आत घेता यावं म्हणून. आपल्या कुवेतपायी मात्र मला जवळपास कुठे नेता आलं नाही. १९८१ साली फादर जो परेरा यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये 'कृपा' ही व्यसनमुक्तीची संस्था सुरू केली. ते स्वतः दारूतून सावरलेले धर्मगुरू, शिवाय बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. एएच्या बारा पायऱ्यांच्या जोडीला योगासनं, आणि दाराशी आलेल्याला धर्म विचारायचा नाही. वसईतही त्यांचं केंद्र आहे. पण तिथे कोणी ओळखेल म्हणून आपण दोनशे किलोमीटर लांब गेलो.

त्या लांबच्या जागेचं सगळं तुम्हाला मी कधीच सांगितलं नाही. खिडक्यांना जाळ्या होत्या, नशा तुटून टर्की लागलेल्या पोरांना दोरीने बांधून ठेवत. हाडं मोडल्यासारखी दुखतात, जुलाब, उलट्या, डोळ्याला डोळा लागत नाही आणि कोणी पाणीही विचारत नाही. तिथून सुटलो आणि चौथ्या दिवशी पुडी घेतली.

दुसरी जागा प्रार्थनेची. आई, ती तू शोधलीस, आणि मी मनापासून गेलो होतो. तिथली माणसं प्रेमळ होती. पण तिथल्या प्रचारकांनी डॉक्टरच्या गोळ्या बंद करायला लावल्या. गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी असणं, असं त्यांचं म्हणणं. सात आठवडे मी खरंच स्वच्छ राहिलो, गुडघे दुखेपर्यंत प्रार्थना केली. बाहेर आलो, घसरलो, आणि जुन्या सवयीने पूर्वीइतकंच गर्द ओढलं. शरीराची सवय मोडलेली असते तेव्हा पूर्वीचाच डोस जीव घेतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. स्टेशनच्या शौचालयात निळा पडलेला मी एका सफाई कामगाराला सापडलो, म्हणून आज हे लिहितोय. ही गोष्ट तुम्ही आज पहिल्यांदा वाचताय. माफ करा.

म्हणून शाळेत आणि चर्चमध्ये बोलायला गेलो की आधी मी हे सांगतो. प्रार्थना सोडू नका आणि डॉक्टरही सोडू नका. येशूच्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्याने रस्त्यात पडलेल्या माणसावर तेल आणि द्राक्षारस ओतला, जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं आणि मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवले. आपण तो उतारा शंभरदा ऐकला असेल. मला आता त्यात औषध, वाहन आणि पैसे दिसतात. ज्याला रोज दारू लागते त्याने ती एकाएकी घरीच बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जीवही जातो. गर्दवाल्याला जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देतात, ती अंगातली तडफड थांबवते आणि मग त्याला समोरच्याचं बोलणं ऐकू येतं. तडफडणाऱ्याला सुवार्ता सांगून काय उपयोग!

तिसऱ्या जागी हे सगळं एकत्र मिळालं. एक फादर, दोन सिस्टर, आठवड्यातून दोनदा येणारे मानसोपचाराचे डॉक्टर, आणि स्वतः पंधरा वर्षं गर्द ओढलेला एक समुपदेशक. तो हिंदू होता, चहा उत्तम करायचा, आणि मी खोटं बोललो की कपबशी खाली ठेवायचा. संध्याकाळी शेअरिंग. सकाळी उठून एवढंच म्हणायचं की आजचा दिवस घेणार नाही. उद्याचं उद्या. मला पहिले तीन महिने देव वगैरे काही जाणवला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. जाणवलं ते असं की माझी गोष्ट ऐकूनही कोणी खुर्ची लांब सरकवत नाही. देवावरचा विश्वास त्या खुर्च्यांतून हळूहळू परत आला.

आता कामाबद्दल. बाबा, तुम्ही ताईला विचारता ना, की हा शनिवारी करतो तरी काय? आम्ही सहा जण आहोत. दोन सिस्टर, एक निवृत्त शिक्षिका, आणि आम्ही तिघे सावरलेले. आठवी ते दहावीच्या वर्गांत जातो, बहुतेक मुलं हिंदू आणि मुसलमान असतात, तिथे धर्माचं नाव काढत नाही. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची माणसं १९८६ पासून हेच काम धर्माशिवाय करतात, त्यांच्याकडून आम्ही खूप शिकलो. पूर्वी लोक कवटीची चित्रं दाखवून पोरांना घाबरवायचे. पोरं घाबरत नाहीत, हसतात. आम्ही त्यांच्याकडून नाही म्हणायचा सराव करून घेतो. एक मुलगा मित्र होतो, "एकदाच, काय होतंय" म्हणतो, दुसऱ्याने मैत्री न तोडता निघून यायचं. वरवर खेळ वाटतो. पण मला अठराव्या वर्षी हेच जमलं नव्हतं.

आता गर्दापेक्षा एमडीचं बोलावं लागतं. म्हणजे मेफेड्रोन, झोप उडवणारी नशेची पूड. २०१५ पर्यंत ते अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीतसुद्धा नव्हतं. पोरांना सांगितलं जातं की याने अभ्यासाला रात्रभर जाग येते, मुलींना सांगतात वजन उतरतं. तोंडाला दारूसारखा वास येत नाही, घरात पटकन कळत नाही. मग पालकांच्या सभेत आया विचारतात, "पोलीस पकडतील का हो?" तेव्हा कायद्यातलं कलम ६४अ सांगतो. थोड्याशा मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. आणि १४४४६ हा सरकारी मदतीचा क्रमांक फळ्यावर लिहितो. त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत. गेल्या महिन्यात एक आई सभा संपल्यावर फळ्यासमोर एकटीच उभी होती. तिच्याजवळ पेन नव्हतं, ती नंबर ओठांनी पाठ करत होती. आई, ती तुझ्यासारखीच हिरवं लुगडं नेसली होती.

आपल्या गावात बोललो तर आणखी एक बोलेन, ते तुम्हाला आवडणार नाही. आपल्याकडे बारसं असो, लग्न असो, मातीहून परतणं असो, बाटली येतेच. तिला आपण रीत म्हणतो. पंधरा वर्षांच्या मुलाला काका कौतुकाने पेल्यातलं बोट चाटवतो. माझी सुरुवात मांडवातच झाली होती, मुंबईच्या पुलाखाली नव्हे. सण करू नका असं मी म्हणणार नाही. पण ज्याने सोडली आहे त्याला आग्रह करू नका, एवढं तरी चर्चच्या आवारात कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवं.

आता जे लिहायला बसलो ते. एएच्या नवव्या पायरीत म्हटलंय की ज्यांचं आपण नुकसान केलं त्यांची थेट भरपाई करायची, त्याने त्यांना किंवा इतर कोणाला इजा होणार असेल तेवढं सोडून. त्या 'इजा' या शब्दावर मी सहा वर्षं अडकलोय.

आई, तुझी साखळी मी विकली. बहुधा तुला ठाऊक आहे. पण त्या वेळी वाडीवर पाणी लावायला, केळी उतरवायला येणाऱ्या मावशीवर आळ आला. बाबा, तुम्ही तिला बावखलाच्या पाण्याजवळ उभं करून विचारलंत. ती फक्त "नाय बाबा, नाय" म्हणत राहिली. मी रहाटापाशी उभा होतो. बारा वर्षं आपल्याकडे राबलेली बाई दुसऱ्या दिवसापासून आली नाही, आणि तिच्या पाड्यावरच्या इतर बायकांनाही आळीत कामं मिळेनाशी झाली. मी आजवर ही गोष्ट समुपदेशकाला सांगितली, पापनिवेदनात फादरांना सांगितली. तिला नाही सांगितली.

चौथ्या रविवारी बोललो तर कुवेत जाईल. ते जाऊ दे, ताईचा संसार आता उभा आहे, आणि मी तिला विचारलंय. ती म्हणाली, "बोल." पण साखळीचं बोललो तर लोक तुमच्याकडेही बघतील, की यांनी गरिबाच्या बाईवर आळ घेतला. तो आळ माझ्यामुळे आला हे मी सांगेनच. तरी बघतील. बाबा, तुमचं हृदयाचं दुखणं आहे, रोज सकाळी मिस्सेला तुम्ही त्याच बाकावर बसता. म्हणून तुमच्या परवानगीशिवाय मी हे माईकवर बोलणार नाही. नको म्हणालात तर फक्त व्यसनाचं बोलेन, कुवेतचंही सोडून देईन.

मावशीकडे मात्र मी जाणार आहे, त्यासाठी परवानगी मागत नाही. ताईने चौकशी केली, ती अजून पाड्यावरच असते, गुडघ्यांनी अधू झाली आहे. तिच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब मी वहीत मांडलाय. पैसे साठवत आणलेत, अजून थोडे कमी आहेत. ती माफ करील असं धरून मी चाललेलो नाही.

येत्या शनिवारी सकाळी घरी पोहोचेन. दहाच्या सुमारास पाड्यावर जायला निघेन. बाबा, तुम्ही बरोबर आलात तर मला बळ येईल, पण तब्येतीचं कारण सांगून घरी थांबलात तरी मी काही विचारणार नाही. आई, भुजिंग करू नकोस, या उपवासकाळात मी मांस सोडलंय. वाडीतली केळफुलाची भाजी कर. थोडी जास्तच कर, मला डबा न्यायचाय.

तुमचा,
धाकटा